ई-सिगारेटच्या पोटांतील विद्युद्घट

ई-सिगारेट या वस्तूविषयीं आजवर पुष्कळ लिहून झालें आहे. परंतु तें बहुतेक सर्व तिच्यांतून निघणाऱ्या वाफेविषयीं. निकोटिन शरीरास कितपत बाधक आहे, तरुणांस त्याचें व्यसन कसें जडतें, हा विचार वैद्यांनीं केला आहे व तो त्यांनींच करावा हें योग्य. प्रस्तुत लेखकास जें सांगावयाचें आहे तें वाफेविषयीं नसून ती वाफ उत्पन्न करणारी जी शक्ति, म्हणजे त्या नळींत बसविलेली बॅटरी, तिच्याविषयीं आहे. वाफेचे दुष्परिणाम मुख्यतः ओढणाऱ्यास भोगावे लागतात. बॅटरीचे दुष्परिणाम मात्र त्याच्या शेजारीं निजलेल्या धाकट्या भावासही भोगावे लागण्याचा संभव असतो. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हां लोकांनीं तरी ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

आपल्या देशांत ता. १८ सप्टेंबर २०१९ रोजीं यासंबंधीं वटहुकूम निघाला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट तयार करणें, परदेशांतून आणणें, विकणें, सांठविणें, तिची जाहिरात करणें हें सर्व आतां गुन्हा आहे. सांठविण्याखेरीज इतर गोष्टींबद्दल पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग ज्या वस्तूस देशांत थाराच नाहीं तिच्या बॅटरीची चिकित्सा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु बंदी आहे म्हणूनच ही चिकित्सा अधिक अवश्य आहे. मोबाइल, पॉवर बँक इत्यादींसाठीं येथें विकल्या जाणाऱ्या लिथियम घटांस भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते, आय. एस. १६०४६ या मानकाप्रमाणें त्यांची परीक्षा व्हावी लागते. चोरून आलेल्या मालास परीक्षा कोठली? तो कोणीं केला, कोणत्या घटाचा केला, हें विचारावयास जागाच नाहीं. आणि असा माल शहरांतील मुलांच्या हातीं पडतो हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्या कोणासही निराळें सांगावयास नको. शिवाय ज्यांचीं मुलें शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं इंग्लंड-अमेरिकेंत राहतात त्यांच्यापुरती तर ही वस्तु तिकडच्या उघड बाजारांतीलच आहे.

तिचें रूपही फसवें असतें. आमच्या ओळखीच्या एका घरीं नववींतल्या मुलाच्या दप्तरांत एक गुलाबी, चापट, बोटाएवढी वस्तु सांपडली. आईला वाटलें, पुस्तकांतील ओळी रंगवावयाचें पेन असेल. काकांस वाटलें, संगणकाचा पेन ड्राइव्ह असेल. दोन दिवस ती देवघराशेजारच्या फडताळांत, काड्यापेटी व कापराच्या डबीजवळ पडून होती. मुंबईहून आलेल्या आत्येभावानें ती ओळखली तेव्हां घरांत जो गहजब झाला तो सर्व व्यसनावरून झाला. त्या वस्तूच्या पोटांत काय आहे व ती कोठें ठेविली आहे, याचा विचार त्या गडबडींत कोणाच्याही मनांत आला नाहीं.

आतां हें पोट उघडून पाहूं. तर्कशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यास घट आणि पट हीं दोन उदाहरणें जन्मभर पुरतात. येथेंही आम्हांस घटाशिवाय गति नाहीं, आणि गंमत अशी कीं, या घटांत पटही आहे. लिथियम-आयन घट म्हणजे एक गुंडाळी असते. एक तांब्याचा पातळ पत्रा, त्यावर ग्रॅफाइटचा लेप. दुसरा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर लिथियमयुक्त धातूच्या ऑक्साइडचा लेप. आणि या दोहोंच्या मध्यें प्लॅस्टिकचा एक सच्छिद्र पडदा, ज्याची जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास असते. सुरळीच्या वड्या गुंडाळाव्या तसे हे थर गुंडाळून डब्यांत बसवितात व त्यांत एक द्रव भरतात. हा द्रव पाणी नव्हे. तो सहज पेट घेणारा सेंद्रिय द्रव आहे व त्यांत लिथियमचा एक क्षार विरघळविलेला असतो. घट भरतांना लिथियमचे कण पडद्याच्या छिद्रांतून ग्रॅफाइटकडे जातात, वापरतांना ते परत येतात. सर्व भिस्त त्या पडद्यावर. तो शाबूत आहे तोंवर घट गरीब गाईसारखा असतो. पडदा फाटला किंवा वितळला, कीं दोन्ही बाजू एकमेकींस भिडतात आणि जी शक्ति तासाभरांत बाहेर पडावयाची ती कांहीं क्षणांत बाहेर पडूं पाहते.

ही विद्या फार जुनी नाहीं. व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो या तिघां शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या पंधराएक वर्षांत तिचा पाया घातला, १९९१ सालीं सोनी कंपनीनें असे घट बाजारांत आणले, आणि २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्या तिघांस मिळालें. धुराशिवाय सिगारेटची कल्पना मात्र यापूर्वींची आहे. अमेरिकेंतील हर्बर्ट गिल्बर्ट यानें १९६३ सालीं तसल्या यंत्राच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १९६५ सालीं त्यास तें मिळालें. पण त्याचें यंत्र बाजारांत चाललें नाहीं. पुढें २००३ च्या सुमारास होन लिक नांवाच्या चिनी औषधशास्त्रज्ञानें हल्लींची ई-सिगारेट निर्माण केली, तेव्हां लहान आकाराचा व मोठ्या शक्तीचा घट तयार होऊन बारा वर्षें लोटलीं होतीं. आज या वस्तु मुख्यत्वेंकरून चीनमधील शेनझेन शहराच्या आसपासच होतात.

ई-सिगारेटमध्यें एक तारेचें वेटोळें असतें. तोंडानें ओढलें कीं हवेचा दाब बदलतो, तो बदल एक इवलासा संवेदक ओळखतो, वेटोळ्यांतून वीज वाहते, तें तापतें व भोंवतालच्या द्रवाची वाफ होते. वीज किती वाहावी हें वेटोळ्याच्या विरोधावर ठरतें. शाळेंत शिकलेला ओहमचा नियम येथें कामास येतो. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. वेटोळें अर्ध्या ओहमचें असेल तर ४.२ भागिले ०.५, म्हणजे ८.४ अँपिअर प्रवाह वाहील. दाट वाफेच्या हौसेनें कोणी तेंच वेटोळें ०.१ ओहमचें केलें तर प्रवाह ४२ अँपिअर होईल. घरांतील शंभर वॅटच्या दिव्यांतून अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज वाहते हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें स्वरूप ध्यानांत येईल. १८६५० या नांवाचा जो घट मोठ्या ई-सिगारेटींत घालतात (नांवाचा अर्थ एवढाच, कीं व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर), त्याचे चांगले, नामांकित कंपन्यांचे नमुने सतत २० अँपिअरपर्यंत प्रवाह सोसतात. ४२ अँपिअर म्हणजे त्याच्या दुप्पट. कांहीं ई-सिगारेटींत हा प्रवाह आवरणारी इलेक्ट्रॉनिक चकतीही नसते. कळ दाबली कीं घट व वेटोळें यांची सरळ गांठ. अशा यंत्रास तिकडे ‘मेकॅनिकल मॉड’ म्हणतात. तें वापरणाऱ्यास ओहमचा नियम येत नसेल तर तो नियम त्याला ओळखतोच.

घटाची पारख करतांना लोक एकाच आंकड्याकडे पाहतात, तो म्हणजे मिलिअँपिअर-तासांचा. त्यावरून घटांत सांठा किती हें कळतें; तो सांठा किती वेगानें बाहेर काढतां येईल हें कळत नाहीं. रांजण मोठा असला म्हणून त्याची तोटीही मोठी असते असें नाहीं. किंबहुना या घटांत एक वाढवूं गेल्यास दुसरें कमी होतें. लेप जाड दिला तर सांठा वाढतो, परंतु वीज सावकाश निघते व घाई केल्यास घट तापतो. लेप पातळ दिला तर प्रवाह मोठा मिळतो, पण सांठा कमी. म्हणून २० अँपिअर सोसणारे खरे घट २,५०० किंवा ३,००० मिलिअँपिअर-तासांचे असतात, आणि ३,५०० चे घट बहुधा १० अँपिअरच्या आसपास थांबतात. या आकाराच्या घटांत सांठ्याची हल्लींची मजल साधारण ३,५०० च्या आसपासच आहे. असें असतांना बाजारांत ९,९०० असा आंकडा छापलेले घट राजरोस मिळतात!

याची परीक्षा अगदीं सोपी आहे. गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें विजेरीसाठीं रस्त्यावरील एका दुकानांतून असाच ९,९०० चा घट आणला. जुन्या लॅपटॉपच्या पेटींतील एका चांगल्या घटाशेजारीं तो सूनबाईंच्या स्वयंपाकघरांतील काट्यावर ठेवला. जुना भरला ४६ ग्रॅम, नवा ३१. चांगला घट ४५ ग्रॅमच्या आगेमागेंच भरावयाचा, कारण तांबें, ॲल्युमिनियम व त्यांवरील लेप यांस वजन असतें. जेथें वजन नाहीं तेथें मालही नाहीं. अशा खोट्या घटांच्या आंत कधीं लहानसा घट बसवून वर मोठा डबा चढविलेला असतो. कधीं टाकून दिलेल्या पेट्यांतील थकलेले घट काढून त्यांवर नवें रंगीत वेष्टन घातलेलें असतें. जुन्या लुगड्याला नवा कांठ लावून विकण्यासारखाच हा प्रकार. फरक इतकाच, कीं लुगडें फाटतें आणि घट पेटतो.

पेटण्याची क्रिया कशी होते हें थोडें सांगतों. घट कोणत्याही कारणानें ऐंशी ते एकशेवीस अंशांपर्यंत तापला कीं ग्रॅफाइटवरील संरक्षक पापुद्रा मोडूं लागतो व त्यांतून आणखी उष्णता निघते. एकशेतीस अंशांच्या सुमारास मधला पडदा वितळावयास लागतो. पुढें ऑक्साइडमधून प्राणवायु सुटतो. म्हणजे जळावयास लागणारी हवासुद्धां घट आपल्या पोटांतूनच पुरवितो. उष्णतेनें क्रिया वाढते व क्रियेनें उष्णता वाढते, अशी ती साखळी आहे. चांगल्या घटांत हें टाळण्यासाठीं दाब वाढतांच वायु सोडणारी झडप असते, कित्येकांत प्रवाह तोडणारी चकतीही असते. हलक्या मालांत हीं साधनें असतीलच असा भरंवसा नाहीं. लहानशा घटांत असतें तरी किती, असें वाटेल. म्हणून हिशेब मांडतों. २,५०० मिलिअँपिअर-तासांच्या घटांत सुमारें ९ वॅट-तास, म्हणजे ३२,००० ज्यूलहून अधिक विद्युच्छक्ति असते. तेवढ्यानें शंभर मिलिलिटर थंड पाणी उकळीपर्यंत येईल. हें झालें विजेचें. द्रव पेटल्यानें निघणारी उष्णता त्याहून निराळी.

हाच घट मोबाइलमध्यें फुगला तर मोबाइलची पाठ उचलली जाते व मालकास कांहीं सूचना तरी मिळते. ई-सिगारेट ही बहुधा मजबूत नळी असते. आंतील वायूस वाट मिळते ती फक्त दोन टोंकांस. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानें २०१४ च्या अहवालांत अशा वेळीं ती अग्निबाणासारखी वागते असें म्हटलें आहे. त्याच प्रशासनाच्या २०१७ च्या अहवालांत, २००९ पासून २०१६ अखेरपर्यंत तिकडील वर्तमानपत्रांत आलेल्या १९५ दुर्घटना मोजल्या आहेत. १३३ जणांस इजा झाली, त्यांपैकीं ३८ जणांची गंभीर. परंतु वर्तमानपत्रांत सर्वच गोष्टी येत नाहींत. २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत तेथील रुग्णालयांच्या तांतडीच्या विभागांत अशा इजांचे सुमारें २,०३५ रुग्ण आले असावेत, असा अंदाज नंतर संशोधकांनीं काढला. फ्लॉरिडांतील सेंट पीटर्सबर्ग येथें मे २०१८ मध्यें व टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथें जानेवारी २०१९ मध्यें एकेक मनुष्य यांत दगावला. दुसऱ्याच्या मानेंतील मुख्य धमनी धातूच्या तुकड्यानें तुटली होती.

त्या १९५ घटनांपैकीं ६१ घटना खिशांतल्या आहेत, म्हणजे यंत्र किंवा सुटा घट खिशांत असतांनाच्या. याचें कारण घटाच्या बांधणींत आहे. त्याचा पोलादी डबा हा सगळाच्या सगळा ऋण ध्रुव असतो. धन ध्रुव म्हणजे वरची लहानशी टोपी. दोहोंच्या मध्यें आड असतें तें एक कागदासारखें प्लॅस्टिकचें वेष्टन व टोपीभोंवतालचें लहानसें कडें. वेष्टन किंचित् फाटलें आणि खिशांत किल्ल्या किंवा नाणीं असलीं, कीं मंडल पुरें झालेंच. सिएटल येथील रुग्णालयांत ऑक्टोबर २०१५ ते जून २०१६ या अवधींत आलेल्या १५ रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहे. त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या मांडीस किंवा जांघेस इजा झाली होती, आणि एकतृतीयांश रुग्णांच्या इजा रासायनिक, म्हणजे घटांतील द्रवानें त्वचा भाजल्याच्या होत्या.

आतां ज्यांनीं हे घट केले त्यांचें म्हणणें ऐकण्यासारखें आहे. १८६५० घट करणाऱ्या नामांकित कंपन्यांनीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, हे घट सुटे विकण्यासाठीं किंवा ई-सिगारेटसाठीं नाहींत. नियंत्रक मंडल जोडलेल्या पेटींत बसविण्यासाठीं आहेत. अमेरिकेच्या ग्राहकवस्तु सुरक्षा आयोगानेंही जानेवारी २०२१ मध्यें सुटे १८६५० घट विकत घेऊं व वापरूं नयेत असा इशारा दिला. म्हणजे असें कीं, अस्सल घट मिळाला तरी तो आपल्या मूळ हेतूबाहेर वापरला जात आहे. नक्कल मिळाली तर मग बोलावयासच नको. ई-सिगारेटच्या विद्युत्‌भागांच्या परीक्षेसाठीं अमेरिकेंत यू. एल. ८१३९ नांवाचें एक मानक आहे. इकडे लपूनछपून येणाऱ्या मालावर तसलें चिन्ह दिसलें तरी त्यावर विसंबण्यांत अर्थ नाहीं. जो घटाचा आंकडा खोटा छापूं शकतो त्याला चिन्ह छापणें काय जड?

एकदां वापरून फेंकून द्यावयाच्या ई-सिगारेटींची कथा निराळी आहे. त्यांतील घट लहान, पांचशे मिलिअँपिअर-तासांच्या आसपासचा, व प्रवाह दोन-अडीच अँपिअरचा. त्यांतला पुष्कळसा माल निकृष्ट असेल अशी माझी समजूत होती. परंतु लंडनचें युनिव्हर्सिटी कॉलेज व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांतील संशोधकांनीं असे फेंकलेले घट तपासून २०२३ सालीं जें प्रसिद्ध केलें तें वाचून आश्चर्य वाटलें. हे घट ४५० हून अधिक वेळां पुन्हा भरतां आले. जो दिवा वर्षभर जळावा तो एका संध्याकाळीं उकिरड्यावर टाकण्यासारखें हें आहे. ब्रिटनमध्यें २०२२ सालीं आठवड्यास १३ लाख अशा नळ्या फेंकल्या जात. वर्षाचें लिथियम सुमारें १० टन होतें. पुढील वर्षीं हा आंकडा आठवड्यास ५० लाखांवर गेला. कचऱ्याच्या गाडींत दाबल्या गेल्यावर त्यांतील कांहीं पेटत. बॅटऱ्यांमुळें कचऱ्याच्या गाड्यांत व आगारांत लागणाऱ्या आगी तेथें एका वर्षांत १,२०० वर गेल्याचें २०२४ सालीं सांगण्यांत आलें. अखेर ता. १ जून २०२५ पासून त्या देशांत एकवार वापराच्या ई-सिगारेटींची विक्री बंद झाली. त्यांच्या जागीं आतां पुन्हा भरावयाच्या स्वस्त नळ्या आल्या आहेत. कचऱ्याच्या दृष्टीनें हें बरें. पण जो घट पूर्वीं एकदांच रिकामा व्हावयाचा तो आतां तरुण पोरांच्या उशाशीं रात्रभर चार्जरला लागणार, ही गोष्ट विसरतां कामा नये. अमेरिकेच्या त्या अहवालांतील सुमारें चतुर्थांश घटना भरतांनाच्याच आहेत.

फेंकलेल्या नळींतील घट काढून त्याची पॉवर बँक करण्याची युक्ति हल्लीं मुलें चित्रफितींवर पाहतात. ती कौतुकास्पद वाटली तरी धोक्याची आहे. घट अगदीं कोरडा होईपर्यंत वापरला गेला असेल तर आंतील तांबें विरघळतें व पुन्हा भरतांना तें नको त्या जागीं सांचतें. पडद्यास भोंक पडावयास एवढें पुरे होतें.

परदेशांत राहणाऱ्या आप्तांनीं एक ध्यानांत ठेवावें. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या नियमांनीं ही वस्तु सामानाच्या पेटींत ठेवण्यास मनाई आहे. जवळ बाळगली तरी विमानांत ती भरतां येत नाहीं. आणि इकडे येतांना ती आणणें हा तर आपल्या कायद्यानें आयातीचाच प्रश्न होतो. तेव्हां ती तिकडेच सोडून यावें.

घरांत अशी वस्तु सांपडलीच, तर मुलाशीं काय बोलावयाचें तें वडीलधाऱ्यांनीं आपल्या रीतीनें बोलावें. परंतु त्याआधीं ती कापड, कागद, गादी, स्वयंपाकाचा गॅस यांपासून दूर, लादीवर किंवा मातीच्या कुंडींत ठेवावी. ती उघडूं नये, टोंचूं नये, चार्जरला लावून ‘चालते का’ हें पाहूं नये. फुगलेली, गरम झालेली किंवा गोडसर उग्र वास येणारी असेल तर हातांत न धरतां चिमट्यानें अंगणांत न्यावी. पेटलीच तर भरपूर पाणी ओतावें, म्हणजे घट थंड होतो. धूर मात्र कोणीं घेऊं नये, कारण त्या क्षाराचा ओलाव्याशीं संयोग होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायु उत्पन्न होतो. कोणास भाजलें तर डॉक्टरांस ‘आगीनें भाजलें’ एवढेंच न सांगतां ‘बॅटरीनें भाजलें’ असें सांगावें, म्हणजे द्रवाचा विचार त्यांच्या मनांत येईल. कचऱ्याच्या बादलींत ती टाकूं नये. सुटा घट असेल तर दोन्ही टोंकांस चिकटपट्टी लावावी व इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्या केंद्रांत द्यावा; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं असे घट परत घेऊन त्यांची वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बेकायदा मालास उत्पादक सांपडत नाहीं. परंतु केंद्रावरील माणूस घटाचें कुळ विचारीत नाहीं.